इस्तारीभाऊंच्या सुळ्यावरची टोपी

दातावर बसवलेली टोपी किती वर्षं टिकते, हे नागभीडच्या बाजारात भाजी घेतानाही लोक मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. दहा वर्षं धरून चाला, निगा राखली तर पंधरा, आणि दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत बसलात तर देवाच्या भरवशावर. एवढं सांगूनही समोरचा म्हणतो, "पण मॅडम, कायमची बसवून द्या." मग माझं डोकं फिरतं. कायमची? देवानं दिलेला दात टिकवता आला नाही आणि माझ्याकडून कायमची टोपी पाहिजे!

हा तापटपणा अब्बांचा. अब्बा म्हणजे गफ्फारभाऊ. बसस्टँडजवळ त्यांचं दातांचं दुकान होतं. पदवी नव्हती. नागपुरात एका डॉक्टरांच्या हाताखाली अकरा वर्षं काढून काम शिकले आणि गावी परत आले. तेव्हा पदवी कुणी विचारत नसे, दात दुखायचा थांबला की झालं. शाळा सुटली की मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसायची. अब्बा मेणाचा दात कोरायचे, त्यावरून धातूची टोपी ओतायचे, मग बारीक कानशीनं घासत बसायचे. मेणाचा आणि स्पिरिटच्या दिव्याचा वास आला की मला अजून दफ्तर पाठीवर असल्यासारखं वाटतं.

इस्तारीभाऊ आमच्याकडे पहिल्यांदा आले ते १९९१ मध्ये. चार कोसांवरच्या गावात तलावावर मासेमारी करायचे. वरचा उजवा सुळा अर्धा तुटलेला. फेकायचं जाळं हातावर घेताना त्याची एक कड दातात धरतात आणि फेकताना नेमक्या वेळी तोंड उघडतात. उघडायला जरा उशीर झाला, तर कडेला ओवलेले शिशाचे मणी दाताला हिसका देतात. इस्तारीभाऊंना त्या दिवशी उशीर झाला होता.

अब्बांनी त्या सुळ्यावर पांढऱ्या धातूची टोपी बसवली आणि बजावलं, "दोन दिवस या बाजूनं काही चावू नको." इस्तारीभाऊ शब्दाला पक्के. दोन दिवस नुसती पेज प्यायले. पण त्यातल्याच दुसऱ्या सकाळी तलावावर जाऊन नेहमीसारखं जाळं त्याच सुळ्यात धरलं! जाळं गेलं, त्याच्यासोबत टोपीही गेली. नशीब एवढंच की जाळं ओढल्यावर ती झिंग्यांमध्ये सापडली. पळसाच्या पानात बांधून घेऊन आले.

अब्बा कडाडले, "दात देल्ला मी तुले, खुंटी नाई!"

"चावू नको म्हनलं होतं भाऊ तुमी," इस्तारीभाऊ हात जोडून म्हणाले. "मी चावलो कुठी? जाळं धरल्याबिगर फेकाचं कसं?"

अब्बा इतके हसले की त्यांचा चष्मा खाली पडला. टोपी पुन्हा बसवून त्यांनी नियम घालून दिले. जाळं आता डाव्या बाजूनं धरायचं. खर्रा सोडायचा. गुडाखू बंद, कारण तंबाखूच्या त्या लगद्यानं हिरडी सुटते आणि टोपीची कड उघडी पडते. हाडूक फोडायचं नाही. रोज झोपण्याआधी टोपी आणि हिरडी भेटतात तिथं हलक्या हातानं ब्रश फिरवायचा. दोन दातांच्या फटीत धागा घालायचा. "धागा कोनता?" असं इस्तारीभाऊंनी विचारलं, तर अब्बा म्हणाले, "जाळं शिवतोस ना, तोच. बारीकवाला. पन हिरडी कापू नको."

त्यानंतर एक अख्खा हंगाम इस्तारीभाऊंचं जाळं वाकडं पडत होतं. गाव हसलं. त्यांची बायको कुंताबाई दुकानात येऊन अब्बांना सुनावून गेली, "तुमची टोपी जपाले बसला हा, अन घरी रांधाले मासोळी नाई!" पण हळूहळू डावी बाजू बसली. हसले की सुळा चमकायचा. गावानं त्यांचं नाव 'चांदीदात्या' ठेवलं आणि ते त्यांना मनातून आवडायचं.

१९९९ मध्ये मी नागपूरहून दातांची डॉक्टर होऊन आले. दुकानाचा दवाखाना झाला, दारावर माझ्या नावाची पाटी लागली. शिकून आलेल्या माणसाला पहिली दोन वर्षं शिंगं असतात, तशी मलाही होती. एक दिवस इस्तारीभाऊ एका दाढेसाठी आले. अब्बांनी कौतुकानं त्यांचा ओठ वर करून मला सुळा दाखवला. "आठ वर्षं झाले, पाह्य. ही टोपी याच्यासोबतच जाईन."

मी चारचौघांत म्हटलं, "अब्बा, पेशंटला असं काहीही सांगत जाऊ नका. चांगल्या टोपीचंही वय दहा-पंधरा वर्षं असतं. ही तर बिनडिग्रीच्या हातची. आणखी दोन वर्षं टिकली तरी नशीब समजा."

अब्बांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. "डॉक्टरबाई म्हनते ते खरं," एवढंच इस्तारीभाऊंना म्हणाले आणि मागच्या खोलीत निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते पुढच्या खोलीत आले नाहीत. मागे बसून माझ्या पेशंटच्या टोप्या करून द्यायचे, एकही नग परत पाठवावा लागला नाही. आमचं बोलणं चहा-जेवणापुरतं उरलं. पोळ्याच्या आणि संक्रांतीच्या सुमारास एखाद्या रविवारी मात्र सायकल काढून जायचे आणि दुपारी पळसाच्या पानात बांधलेले मासे घेऊन यायचे. कुठून आणले विचारलं तर म्हणायचे, "बाजारातून." अम्मी रस्सा करायची. आम्ही तिघं खाली मान घालून जेवायचो. मी माफी मागायला हवी होती. रोज ठरवायची आणि रोज पेशंटचं निमित्त सापडायचं. २००३ च्या थंडीत अब्बा गेले. राहिलं ते राहिलंच.

मागच्या पोळ्यानंतर, म्हणजे २००८ मध्ये, इस्तारीभाऊ दवाखान्यात आले. केस पांढरे झालेले, हातात काठी. म्हणाले, "टोपी हालून राह्यली बाई."

मी त्यांना खुर्चीत बसवलं. दिवा तोंडावर घेतला आणि माझे हात थांबले. तीच टोपी होती. मी मनात हिशेब केला, सतरा वर्षं. पुस्तकातल्या पंधराच्या वर दोन, आणि मी दिलेल्या दोनांच्या वर सात. माझं पुस्तक तोंडावर आपटलं होतं आणि खरं सांगते, आयुष्यात हरल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं. हातमोजे घातलेले, पुसताही येईना.

"अब्बाच खरे ठरले, इस्तारीभाऊ," मी म्हटलं. "मी त्यांना नाही नाही ते बोलले. सतरा वर्षं टिकली त्यांची टोपी."

इस्तारीभाऊ चुळबुळ करायला लागले. खुर्चीत उठून बसले.

"नाई बाई. तुमी रडू नका, पन तसं नाई झालं," ते म्हणाले. "तुमी दोन वर्षं म्हनले होते ना? बरोबर दुसऱ्या पोळ्याले सुटली टोपी. भाकर खाता खाता हातात आली."

"मग बसवली कुणी?"

"गफ्फारभाऊनं. ते त येतच होते आमच्या गावाले. तुमी बोलले तवापासून, दर सहा महिन्यानं, सायकलनं. थैलीत आरसा, ब्रश, सिमेंटची डबी. मले पारावर बसवत, तोंड पाहत, हिरडी साफ करून देत. खर्रा खाल्ला असन त शिव्या देत. टोपी सुटली तवा त्यायनं ती धुतली, पुसली, बसवून देल्ली. अन मले म्हनले, 'पोरगी खरं बोलली, इस्तारी. बरोबर दोन वर्षं! उगाच नाई शिकून आली नागपुरावून.' टोपी सुटली अन मानूस खुश. मी असा मानूस पाह्यला नाई बाई."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"सपत घातली होती मले. म्हने, तिले सांगशीन त डोक्यावर बसन." मग जरा ओशाळून पुढे म्हणाले, "जाताना कुंता मासोळ्या देत होती त्यायले. पळसाच्या पानात बांधून."

बाजारातला कोळी मासे पळसाच्या पानात बांधून देत नाही, हे मला नागभीडमध्ये जन्मूनही कळलं नव्हतं. चार वर्षं ते मासे मी खाल्ले, काटे काढून काढून खाल्ले, आणि एकदाही मान वर करून त्या माणसाकडे नीट पाहिलं नाही.

मी टोपी काढली. खालचा दात स्वच्छ होता, कीड नाही, हिरडी घट्ट. अब्बा गेल्यानंतर पाच वर्षं इस्तारीभाऊंनी धागा आणि ब्रश एक दिवस चुकवला नव्हता. टोपीच्या आतल्या बाजूला कानशीच्या बारीक रेघा दिसत होत्या. नवी करून देता आली असती, पण जुनी तंतोतंत बसत होती. मी ती धुतली, पुसली आणि परत बसवली.

इस्तारीभाऊंनी आरशात सुळा पाहिला. "आता किती वर्षं टिकन बाई?"

ठरलेलं उत्तर ओठांवर आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, "तुम्ही घासाल आणि मी येऊन पाहीन तितकी."

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी स्कूटर काढली. पारावर बसवून त्यांचं तोंड पाहिलं, हिरडी साफ केली, आणि खिशात खर्ऱ्याची पुडी सापडली म्हणून चार शिव्याही दिल्या. निघताना कुंताबाईनं हातात मासे ठेवले. घरी आल्यावर अम्मीनं पानाची गाठ सोडली आणि विचारलं, "कहाँ से लाई?"

का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "बाजार से."

अम्मी विळीवर बसली, पहिला मासा हातात घेतला आणि मान वर न करता म्हणाली, "तेरे अब्बा भी यही बोलते थे."