मालक निवडतील

शेठनी चिमट्याने दुसरा, लहान हिरा उचलून बाबाजीच्या तळहातावर ठेवला, आणि त्यांनी काही बोलायच्या आत बाबाजीने तो जिभेला लावला.

"अहो पाहुणे, काय करताय?"

बाबाजीने हात खाली घेतला. त्याची चाळीस वर्षं पेणच्या खाडीकडे मिठागरात गेली होती. तळहातावर पांढरा खडा आला की तो आधी उन्हात धरायचा, मग जिभेला लावायचा. आत्ताही हात आपोआप वर गेला होता.

"बाबा, काय हे," निकेश होणाऱ्या बायकोकडे, भूमिकाकडे बघत ओशाळून म्हणाला. भूमिका खाली बघून हसली.

"खारट हाय का?" शेठनी विचारलं.

"नाय. कसलीच चव नाय."

पौषापासून त्याला भाकरीचीही चव लागत नव्हती. ते त्याने सांगितलं नाही.

रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीतलं हे दुकान त्याच्या बायकोच्या, सगुणाच्या माहेरच्या सोनाराचं. दसऱ्याआधी ती एकटीच इथे येऊन होणाऱ्या सुनेच्या अंगठीसाठी हिरे बघून गेली होती. निघताना बाबाजीलाही चला म्हणाली होती. तो म्हणाला, "तुला आवडंल तो घे." तो नेहमी हेच म्हणायचा. घराचा रंग, पोराचं नाव, तिच्या लुगड्याचा काठ, सगळ्याला तुला आवडंल ते. त्याला वाटायचं, यात तिचा मान आहे. पौषात ती दोन दिवसांच्या तापाने गेली. लग्न वर्षाच्या आत उरकायचं, म्हणून साखरपुडा येत्या रविवारी ठरला होता.

शेठनी हिऱ्यांची कागदी पुडी त्याच्यापुढे सरकवली. वर निळ्या पेनाने लिहिलं होतं: सगुणाताई, पेण. मालक निवडतील.

"हे तिनं लिहायला सांगितलं?"

"व्हय. हे दोन बाजूला काढले न् म्हणाल्या, यातला एक आता आमचे मालक सांगतील. मी म्हटलं, ताई, तुम्हीच सांगून टाका. तर म्हणाल्या, तीस वर्षं एकटीच सांगत आले, शेठ. कंटाळा आलाय."

बाबाजीने हातातला हिरा पुडीशेजारी ठेवला. आता तिथे दोन हिरे होते. एक मोठा, जरासा पिवळसर. एक लहान, स्वच्छ.

"तुला कुठला आवडला?" त्याने भूमिकाला विचारलं.

"तुम्हाला आवडेल तो, बाबा."

तिने ते मानानेच म्हटलं होतं. बाबाजी हे वाक्य जन्मभर बोलला होता, ऐकलं मात्र कधी नव्हतं. ऐकल्यावर त्याला वाटलं, दुकानात आपण एकटेच बसलो आहोत.

"असं नको म्हणू गो," तो म्हणाला. "मी लहान म्हणतो. साफ हाय तो. आता तू बोल."

भूमिका घुटमळली. तिने निकेशकडे बघितलं. मग म्हणाली, "मला मोठा आवडला."

"पिवळा हाय."

"असू दे. आमच्या आजीच्या नथीतला असाच होता."

"लहानाची कड बघ कशी हाय."

"बघितली. मोठाच."

शेठ एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. हे अजून थोडं चालावं असं बाबाजीला वाटलं. पण पुढे काय बोलतात ते त्याला येत नव्हतं.

"बरं. मोठा द्या, शेठ."

शेठनी लहान हिरा पुसून नव्या कागदात बांधला आणि जुनी पुडी चुरगळायला घेतली.

"ती मला द्या."

"रिकामी हाय, पाहुणे."

"व्हय."

निकेश बोटाच्या मापासाठी भूमिकाबरोबर मागे थांबला. बाबाजी एकटाच पेणच्या गाडीत बसला. निडी गाव मागे पडल्यावर त्याने खिशातून पुडी काढली आणि मांडीवर उघडली.

"लहान," तो हळूच म्हणाला.

समोरच्याने बोलावं म्हणून थांबतात, तसा तो थांबला. सगुणाला त्या दोनांतला कुठला आवडला असता, हे त्याला माहीत नव्हतं. नागोठणं आलं तेव्हा त्याने पुडी जुन्याच घड्यांवर मिटली, नाव वर ठेवून.