कोलोनेल

कर्नल आणि कोलोनेल हे सैन्यातले दोन वेगळे हुद्दे आहेत, असं मी वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत समजत होतो. कर्नल लोकांच्या तोंडून ऐकलेला, कोलोनेल पुस्तकात वाचलेला. दोघांची गाठ कधी पडली नाही.

१९७१ साली मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवत होतो. नोकरी सांभाळून, बाहेरून परीक्षा देऊन इंग्रजीत एम. ए. झालो होतो. सुट्टीच्या दिवशी सायकलनं कळंब्याच्या तळ्यावर जायचं आणि झाडाखाली बसून वाचायचं, असा चार वर्षांचा अभ्यास. सगळा मनातल्या मनात. आसपास इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं, आणि असतं तरी मी त्याच्याशी बोललो नसतो.

त्या वर्षी अकरावीचे इंग्रजीचे सर निवृत्त झाले. अकरावी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. तो मला हवा होता. मी आपणहून मागितलेली बहुधा तेवढी एकच गोष्ट. दुसरा अर्ज नृसिंह इनामदारचा होता. तो साधा बी. ए., पण बेळगावला कॉन्व्हेंटात शिकलेला. मुलाखतीला कॉलेजातले एक प्राध्यापक बोलावले होते. त्यांनी पुस्तक उघडून परिच्छेद मोठ्यानं वाचायला सांगितला. दुसऱ्याच ओळीत तो शब्द आला.

प्राध्यापक हसले. पुन्हा वाचा म्हणाले. मी पुन्हा तसंच वाचलं, जरा ठासून. मग हेडमास्तर दत्तोपंतही हसले. आपण का हसतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. परिच्छेदाचा अर्थ मला कुणी विचारला नाही. नृसिंहलाही विचारला नाही, असं नंतर कळलं.

बाहेर शिपाई आकाराम बसला होता. पलटणीतून पेन्शनीत आलेला माणूस. त्यानं आतलं सगळं ऐकलं होतं. ते कर्नल असतं, हे त्यानंच सांगितलं.

"सहा वर्षं तुम्ही माझ्या वर्गाबाहेर बसता," मी म्हणालो. "एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"मला काय ठावं ओ सर? म्हटलं, आमचं कर्नल ते मराठी, तुमचं ते इंग्रजी. तुम्ही यम्मे झाल्यालं मानूस."

त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. पण तो माझ्यासारखाच चुकला होता, आणि त्याच्याकडं शब्दकोश नव्हता. माझ्याकडं होता. शब्दापुढच्या उच्चाराच्या खुणा ओलांडून मी दरवेळी थेट अर्थाकडं गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या फळ्यावर शब्द लिहिला आणि हा मी चुकीचा शिकवला म्हणून सांगितलं. मुलं हसतील असं वाटलं होतं. हसली नाहीत. पुढच्या बाकावरची श्यामला उभी राहिली.

"सर, मग आणखी कुठलं कुठलं चुकलंय?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तास संपताच दत्तोपंतांनी बोलावलं. वर्गात असलं बोलू नये, शाळेचं नाव जातं. अकरावी नृसिंहाला दिली आहे. तुमचे उच्चार बोर्डाच्या वर्गाला चालायचे नाहीत, तुम्ही आपले खालचे वर्ग सांभाळा. हे सगळं समजुतीच्या सुरात.

मी विचारलं,

"खालच्या वर्गांना चालतात?"

"काय?"

"माझे उच्चार. आठवीची पोरं चुकीचं शिकली तर चालतं?"

त्यांनी बसा म्हटलं, पाणी पुढं केलं. मी बसलो नाही. अकरावी राहू द्या, म्हणालो, पण मला उच्चार शिकवणारं कुणीतरी आणा, नाही तर आठवीसुद्धा काढून घ्या. बोलता बोलता आवाज चिरकला. शेजारच्या खोलीतला टाइपरायटर थांबला.

त्यांनी कुणाला आणलं नाही आणि मला काढलंही नाही. मी शब्दकोश वर्गात नेऊ लागलो. श्यामलानं वाचायचं, अडेल तिथं सगळ्यांनी थांबायचं. पहिल्या धड्याला तीन आठवडे लागले.

अभ्यासक्रम मागं पडल्याबद्दल मला लेखी मेमो मिळाला. चुकीचं शिकवल्याबद्दल बारा वर्षांच्या नोकरीत एकही मिळाला नव्हता. मी सही केली आणि तासाला गेलो.