भंडारा ज्याच्या हातात

निकालाच्या दिवशी दुपारी ह्यांनी टीव्ही मधूनच बंद केला. सकाळपासून आपल्या पक्षाच्या जागा दर फेरीला कमी होत होत्या. आधी लातूरकडच्या गेल्या, मग आमच्या नांदेडकडच्या जायला लागल्या, आणि आमच्या आमदारसाहेबांचा फोटो पडद्यावर आला तेव्हा बातम्या सांगणारी पोरगी नेमकी कशाला तरी हसली.

"हिला काय झालं हसायला," हे म्हणाले आणि रिमोट पलंगावर टाकून दिला.

मी तांदूळ निवडत होते, ते निवडतच राहिले.

हे म्हणजे किशनराव, आमच्या माळखेडवाडीच्या खंडोबा देवस्थानचे अध्यक्ष. गावात कुणाची सोयरीक जुळवायची असो की बांधाचं भांडण मिटवायचं असो, लोक आमच्याच ओसरीवर येतात. आमदारसाहेब आले की त्यांचा पहिला चहा आमच्याकडे. त्यामुळे साहेब पडले ते जसे काही आमच्या ओसरीवरच पडले.

दिवस मावळायच्या आत बजरंग भावजी लोह्याहून आले. हे ह्यांचे चुलतभाऊ. मतमोजणीला पक्षाकडून बसले होते. पाणी दिलं तर तांब्या हातात धरून तसेच उभे.

"आमदार पडला त्याचं न्हाई एवढं, दादा. आपल्या गावाचं यंत्र माझ्या डोळ्यासमोर उघडलं. आपलं गाव फुटलंय."

"फुटलं म्हंजे?"

"जवळजवळ निम्मं तिकडं गेलं."

हे पलंगाच्या कडेला टेकले. मग हळूच म्हणाले, "बेलभंडार उचलून?"

आमच्याकडे शब्द पक्का करायचा तो असा. मतदानाच्या आधीच्या रविवारी ह्यांनी प्रत्येक घरच्या कर्त्या माणसाला देवळात बोलावलं होतं. तांब्याच्या ताटात हळदीचा भंडारा, त्यावर बेलाची पानं. एकेकानं पुढं यायचं, पान आणि चिमूटभर भंडारा उचलायचा आणि खंडोबाकडे बघून म्हणायचं, माझ्या घरातली सगळी मतं आपल्या साहेबाला. एकदा उचलला की माणूस फिरत नाही. फिरला तर देव त्याचं बघून घेतो. सगळ्यांनी उचलला. मोहियोद्दीनभाई बांगडीवाले तेवढे पायरीच्या खाली उभे होते. त्यांच्यापुढं ताट करावं की नाही, कुणालाच सुचेना. शेवटी तेच म्हणाले, "मालक, जबान दिली. आमच्या घरातून दुसरीकडं जानार न्हाई." तेव्हा ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

दुसऱ्या दिवसापासून गावात कुणाचा कुणावर भरवसा राहिला नाही. पारावर माणसं बसायची, पण एक उठून गेला की मागे राहिलेले त्याच्याबद्दल बोलायचे, म्हणून मग कुणी आधी उठेचना. भुजंगच्या मोबाईलवर समोरच्या पक्षाचं प्रचाराचं गाणं निघालं. त्यानं ते कुणी पाठवलं, का पाठवलं, हे दारोदार जाऊन सांगितलं, आणि जितकं सांगितलं तितका तो जास्त संशयात आला. ग्यानोबानं निकालादिवशी पेढे वाटले होते. नातू झाला म्हणून वाटले होते. पण बिचाऱ्याला पोर दाखवायला लोकांना घरी बोलवावं लागलं, आणि तरी बजरंग भावजी म्हणालेच, "नातवानं बी दिवस बरा धरला."

एकदा जेवताना हे म्हणाले, "चंपाषष्ठीला तळी भरली की सगळ्यांनी पुन्हा उचलायचा. मी शब्द पाळला, असं म्हणून उचलायचा. ज्यानं मोडला त्याचा हात ताटापर्यंत जानार न्हाई."

"आणि सगळ्यांचे गेले तर?"

"तर ज्यानं उचललाच न्हाई असा कोन हाय, ते गावाला ठाव हाय."

मी भाकरी वाढली. पुढं विचारायची गरज नव्हती. मोहियोद्दीनभाईंचं बांगड्यांचं दुकान देवळाच्या कमानीपाशी आहे, आणि तो गाळा देवस्थानचा. त्यांच्या वडलांपासून आमच्या गावच्या सगळ्या लेकीसुनांनी तिथंच हात भरले. बजरंग भावजींच्या मनात तिथं मोबाईलचं दुकान टाकायचं कधीचं होतं.

आता माझं सांगते.

मतदानाच्या दिवशी मी रोजच्यासारखी अंघोळ केली, देवाला दिवा लावला, पहिली भाकरी खंडोबाच्या कुत्र्याला घातली. तेवढं होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही, हा माझा नेम. मग शाळेत गेले. यंत्राभोवती पुठ्ठ्याचा आडोसा होता. मी ह्यांनी सांगितलेलं बटण दाबायलाच गेले होते, खंडोबाची शपथ आहे. पण त्या आडोशात माझ्या मनात आमची सकाळची लोह्याची एसटी आली. ती कधीची बंद आहे. मागच्या निवडणुकीत साहेब म्हणाले, गाडी सुरू करतो. ह्या निवडणुकीतही म्हणाले, त्याच खुर्चीत बसून, माझ्याच हातचा चहा पिऊन. आमची दीपमाला लातूरला क्लासला आहे; आम्हाला तिला तिथं ठेवणं जमलं. बजरंग भावजींच्या दिपालीला बारावीतच घरी बसवलं आणि बिलोलीकडे देऊन टाकलं. हळदीच्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते, तर म्हणाली, "काकू, गाडी असती तर…" आणि पुढं बोललीच नाही.

माझं बोट दुसऱ्या बटणावर गेलं. यंत्र एवढं मोठ्यानं वाजलं की मला वाटलं बाहेरच्या ओळीला सगळं कळलं.

मी बेलभंडार उचलला नव्हता. मला कुणी विचारलंच नव्हतं. पण ह्यांनी उचलला होता, 'माझ्या घरातली सगळी मतं' म्हणून. त्या सगळ्यांत मी धरलेली होते का, आणि धरलेली असेन तर तो दोष ह्यांच्या डोक्यावर जातो का, हे मी रोज दिव्यापाशी खंडोबाला विचारत होते. देव काही बोलत नव्हता.

खंडोबाच्या नवरात्रात मी बांगड्या भरायला गेले. दुकानात मोहियोद्दीनभाईंची बायको साबेरा होती, आणि तिच्यापुढं माझी धाकली जाऊ, बजरंग भावजींची बायको, हात पुढं करून बसलेली. मला बघून ती जरा सरकली. एरवी आम्ही दोघी भेटलो की भाजीपासून सुरू होतो. त्या दिवशी ती माझ्या पायाकडे बघत होती आणि मी तिच्या.

"लई गर्दी होईल औंदा षष्ठीला," ती म्हणाली.

"हाव, होईल की."

हिनं काय केलं असेल, हे माझ्या मनात आलं. आणि तिच्या मनातही माझ्याबद्दल तेच आलं असणार, कारण बांगड्या भरून होताच ती पाणीसुद्धा न पिता गेली.

साबेरानं माझा हात घेतला. "भाबी, हात सैल सोडा. एवढा आवळून धरला तर काच फुटंल."

मी सोडला. तिनं दाबून दाबून एक बांगडी चढवली. दुसरी हातात घेऊन तशीच थांबली.

"मालक आता दुकानाकडं बघत न्हाईत. बजरंगभाऊ परवा टेप घेऊन आले आन शटर मोजून गेले. मी म्हणलं, भाऊ, काय मापून राहिले? तर म्हणले, सहज."

मी शटरकडे बघितलं.

"भाबी, तुमच्या गळ्याची आन. आमी मालकानं सांगितलं तिकडंच टाकलं. खरं सांगू का, माझ्या मनात नव्हतं. गाडी न्हाई म्हणून आमची पोरगी जिक्रा घरी बसून राहिली. पन आमच्या ह्यांनी जबान दिलती. घरातल्या मानसाची जबान म्हंजे माझीच की."

तिनं दुसरी बांगडी चढवली. तिला माझ्याकडून काही ऐकायचं होतं असं नाही. पण माझा हात तिच्या हातात होता, आणि तो पुन्हा आवळला गेला. तिनं वर बघितलं, माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे. मग तिनं काचेच्या बांगड्यांत एक प्लॅस्टिकची मिसळली. "ही फुटत न्हाई," म्हणाली.

चंपाषष्ठीला देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही बायका एका बाजूला, भरीत-रोडग्याची ताटं घेऊन. पुरुषांनी तळी भरली, ताट तीनदा वर उचललं, येळकोट झाला, भंडारा उधळला. सगळ्यांचे केस पिवळे. मग ह्यांनी ताट देवापुढं ठेवलं.

ग्यानोबा आला, उचलला. भुजंग आला, त्यानंही उचलला. बजरंग भावजींनी तर मूठभर उचलला. एकेक करून सगळे झाले. एकाचाही हात अडला नाही, आणि मला त्यात नवल वाटलं नाही. पुरुषांनी शब्द पाळलाच होता.

"मग गाव फुटलं कसं?" बजरंग भावजी मोठ्यानं म्हणाले. "आता राहिलं कोन?"

मोहियोद्दीनभाई पायरीखाली उभे होते. साबेरा कमानीला धरून.

"मालक," ते म्हणाले, "मी जबान दिलती. पाळली."

"जबान येगळी, भंडारा येगळा," हे म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. न्याय करताना हे असेच बोलतात. "ज्याच्या हातात भंडारा, त्यालाच तो बांधतो. ज्यानं हात लावला न्हाई तो मोकळा. तुम्ही मोकळे होता, मोहियोद्दीनभाई. म्हणून संशय तुमच्यावर. संक्रांतीपस्तोर गाळा खाली करा."

साबेरानं तोंडावर पदर घेतला. मी ह्यांच्याकडे बघत होते. मी जे रोज दिव्यापाशी विचारत होते, त्याचं उत्तर ह्यांच्याच तोंडून आलं होतं, आणि देवासमोर.

मी भरिताचं ताट जावेच्या हातात दिलं आणि पुढं गेले. माझा आवाज लहान आहे. त्यामुळे लोकांना गप्प व्हावं लागलं.

"अहो, मग आम्ही सगळ्या बी मोकळ्याच हाव."

"काय?"

"आमच्यातल्या एकीनं बी ताटाला हात लावला न्हाई. आम्हाला कुणी बोलवलंच न्हाई."

मागून कुणीतरी हसलं. बजरंग भावजी म्हणाले, "वैनी, बायकांचं घरधन्यात आलं की. त्याला काय येगळा भंडारा लागतो?"

"मग साबेराचं मोहियोद्दीनभाईच्या जबानीत आलं."

आता कुणी हसलं नाही. मी देवापुढचं ताट उचललं आणि ह्यांच्यासमोर धरलं.

"गाळ्याचं ठरवायच्या आधी मला इचारा. मी उचलते आन खरं ते सांगते. मग साबेराला इचारा. मग ओळीनं सगळ्या बायांना."

भंडारा हातात घेऊन मी खोटं बोलणार नाही, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. ह्यांना सगळ्यांत जास्त. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढं लक्ष देऊन त्यांनी माझ्याकडे लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा तरी बघितलं होतं का, मला आठवत नाही. त्यांचे ओठ उघडले. एकच प्रश्न होता, चार शब्दांचाही नाही. पण तो बाहेर पडेना.

बजरंग भावजींनी मान वळवून आपल्या बायकोकडे बघितलं. ती दोन्ही हातांत दोन ताटं धरून भरिताकडे बघत होती, भरितात काही पडलं असावं तशी. भुजंग त्याच्या आईकडे बघत होता. ग्यानोबा सुनेकडे. "इचारा की, दादा," असं एकही पुरुष म्हणाला नाही.

"ताट खाली ठेव," हे शेवटी म्हणाले. "देवाचं काम असं लांबवत न्हाईत. प्रसाद वाटा."

"आन गाळा?"

"गाळा हाय तिथं हाय."

मी ताट ठेवलं. रोडगा मीच वाटला. साबेरानं पदर पसरून घेतला. पदर आवरताना तिची बोटं माझ्या बांगड्यांवरून गेली. त्या शाबूत होत्या.

त्या दिवसापासून गावात राजकारणावर कुणी बोलत नाही. पारावर माणसं बसतात, पण लवकर उठतात आणि घरी जाऊन बायकांच्या तोंडाकडे बघतात. जाऊ मला भेटली की पुन्हा भाजीपासून सुरू होते.

ह्यांनी मला अजून विचारलेलं नाही. विचारलं तर मी सांगेन. चहा पिताना हे बशीच्या वरून माझ्याकडे बघतात. दीपमाला लातूरहून आली तर तिच्याकडेही तसंच बघत होते, तिनं विचारलं, "अण्णा, काय झालं?" तर म्हणाले, "काय न्हाई." माझ्या बोटावरची शाई नखाच्या मुळाशी अजून थोडी आहे. ह्यांची नजर तिथं जाते. मी हात पदराखाली घेत नाही.

परवा सकाळी टोपी घालून निघाले. दारात थांबले.

"लोह्याला चाललो. डेपोत जाऊन येतो. त्या सकाळच्या गाडीचं इचारायचं हाय."

आणि माझ्या तोंडावर काही उमटतं का, ते बघत उभे राहिले.

माझा दिवा लावायचा राहिला होता, त्यामुळे मला बोलता येत नव्हतं. मी नुसती मान हलवली आणि वात पुढं सारली.