तीन रविवार

कालीबाईने जात्याचा खुंटा धरला, ज्वारीची पहिली मूठ ओतली, आणि गोवाल घरातून पळाला!

पळाला म्हणजे काय, डोक्याचं फडकं अंगणात पडलं तरी मागे वळला नाही गडी. सन एकोणीसशे बावीसची ही गोष्ट. शहाद्याजवळच्या एका भिलाटीत, म्हणजे भिल्लांच्या वस्तीत, रीतच होती, पोरीच्या मनात पोरगा भरला तर तिने सरळ त्याच्या घरात शिरावं आणि कामाला लागावं. सासूने हाकललं नाही की झाली सून. गोवालची आई भिकुबाई हाकलते कसली, तिने हरखून आणखी एक सूपभर ज्वारी पुढे ढकलली. आणि नवरदेव बेपत्ता! अख्खी भिलाटी पोट धरधरून हसली.

"मी तुन्हा पोऱ्याले खाई जासू काय?" काली कडाडली.

भिकुबाईने कपाळावर हात मारला. "नाताळले बाप्तिस्मा लिधा ना त्यानी! तव्हयपासून आसाच करस."

काली तशीच तरातरा मिशनच्या मळ्यात गेली. गोवाल मोट हाकत होता. तिला बघून त्याचे कान लाल झाले.

"पादरीसाहेब सांगस, आंग हाई देवनं घर शे. लगीन व्हवाशिवाय मी तुले हात लावाव नही. तीन रयवार आपलं नाव पुकारतीन, मंग लगीन."

"तीन रयवार! तवलग मी काय करू?"

"मन्ही मायसंगे ऱ्हाय. मी आठे गोठामा ऱ्हासू."

आता बोला! बायको घरात, नवरा बैलांत. पाणवठ्यावर बाया टोमणे मारायच्या, काली दुप्पट परत करायची. पण पहिल्या रविवारी गिरजात तिचं नाव मोठ्याने पुकारलं गेलं, तेव्हा मात्र ती बसल्या जागेवरून अर्धी उठलीच.

दुसऱ्या रविवारी कालीचा भाऊ भीमसिंग येऊन थडकला.

"हाऊ काय मरद शे? चाल घर. बाज्या तुले आजबी ठेवाले तयार शे."

बाज्या! दोन वर्षांमागे भर बाजारातून त्याने तिला मनगट धरून ओढून नेलं होतं. तीन महिने कोंडून ठेवलं होतं. एक दिवस ती पळून आली. बाज्याला कोणी जाब विचारला नाही. ओढून नेली तरी बायकोच, असंच सगळे म्हणत.

ती धावत मळ्यात गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. "तुन्हा देवले सोच्छ घर लागस. मन्हा घरमा बाज्या घुसी गया व्हता. आते सांग, मी जाऊ?"

गोवालने बैलांची वैरण खाली ठेवली.

"चोर घुसना त्ये पाप चोरनं. घरनं काय पाप? देव त्या घरले आजबी आपलंच म्हणस." मग डोळे पुसत म्हणाला, "मी बी आपलंच म्हणसू."

काली परत आली ती वाऱ्यासारखी. भावाला म्हणाली, "जावानं व्हई त जाय, नही त लगीनलोंग थांब." भीमसिंग थांबला. भिकुबाईच्या हातची भाकर चांगली होती, हेही एक कारण.

तिसऱ्या रविवारी गिरजात पाय ठेवायला जागा नव्हती. पादरीसाहेबांनी गोवालला विचारलं. प्रश्न संपायच्या आत तो "हा! हा!" ओरडला आणि लोक खदखदून हसले.

मग साहेब तिच्याकडे वळले. "कालीबाई, या पुरुषाला पती म्हणून स्वीकारायला तू स्वतःच्या मनाने राजी आहेस का?"

आणि ते थांबले. सगळेच थांबले. भीमसिंगही मान वर करून बघत होता. बाज्याने हे कधी विचारलं नव्हतं. बापाने नाही, भावाने नाही. जन्मात कोणी विचारलं नव्हतं. काली साहेबांकडेच बघत राहिली. गोवालचा चेहरा पार उतरला.

"पादरीसाहेब," ती म्हणाली, "आखो एकदाव इचारा."

साहेबांनी चष्मा सारखा केला आणि सावकाश, पहिल्यापासून, पुन्हा विचारलं.