माहेराचं इंग्रजी

ओहायोतल्या डब्लिन गावात सिमेंटच्या मक्याच्या कणसांचं एक शेत आहे. माणसाच्या उंचीची कणसं, ओळीनं उभी. हे खरं आहे, कुणीही जाऊन बघावं. उल्हासकाकांची गाडी शेजारून गेली की ती कणसं आणखी थोडी ताठ होतात, हे मात्र लोक म्हणतात म्हणून सांगायचं.

काकांचा दराराच तसा होता. एका विमा कंपनीत त्यांनी तीस वर्षं काढली. निरोपाच्या दिवशी केकचे तुकडे आणि हजर माणसं यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी स्वतःचाच केक कापू दिला नाही म्हणे. तो केक अजून तिथल्या फ्रीजमध्ये आहे आणि नव्या माणसांना शिस्त लावायला उपयोगी पडतो. निवृत्त झाल्यावर हे गृहस्थ ओंजळ फाउंडेशनचे खजिनदार झाले.

ओंजळ म्हणजे गावातल्या मराठी मंडळींनी काढलेली लहानशी संस्था. दरवर्षी एखादं काम निवडायचं आणि त्याला तीन वर्षं हात द्यायचा. ओंजळ हा शब्द तिथल्या जिभांना काही झेपला नाही. बँकेपासून पोस्टमनपर्यंत सगळे 'एंजल फाउंडेशन' म्हणायला लागले. एका बाईंनी तर नाटकासाठी पंख भाड्यानं मिळतील का, असा फोन केला होता. काकांनी त्यांना डिपॉझिट किती देणार ते विचारलं.

विश्वस्त तिघं. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या लतामावशी अध्यक्ष, उल्हासकाका खजिनदार आणि सगळ्यांत धाकटी वल्लरी सेक्रेटरी. वल्लरी चार वर्षांची असताना नागपूरहून इकडे आली आणि इथेच वाढली. निर्णय तिघांच्या एकमतानं व्हायचा. एक हात काढून घेतला तर ओंजळ कसली, असं मावशींचं म्हणणं.

यंदाचा अर्ज वल्लरीनंच आणला होता. कोलंबसच्या एका कॅन्सर संशोधन संस्थेत ती डेटाचं काम करायची. तिच्या वरच्या मजल्यावर डॉ. व्हर्नेल टॉलिव्हर यांची लॅब होती. व्हर्नेल कृष्णवर्णीय होती, आणि त्या मजल्यावर लॅब चालवणारी तशी ती एकटीच. शनिवारी मात्र ती एकटी नसायची. राज्यभरातले तरुण कृष्णवर्णीय संशोधक तिच्याकडे जमायचे. एकमेकांचे ग्रँटचे अर्ज वाचायचे, नोकरीच्या मुलाखतींची तालीम करायचे, पुढे गेलेले मागच्यांना ओढून घ्यायचे. या जमण्याचं नाव लाँग टेबल. तिथून उठलेल्या कितीतरी जणांच्या आज स्वतःच्या लॅब आहेत. चालवणारी मंडळीही त्यांच्यातलीच, आपापली नोकरी सांभाळून, बिनपगारी. पण आता व्हर्नेलचं स्वतःचं संशोधन मागे पडायला लागलं होतं. लिफ्टमध्ये एकदा ती वल्लरीला अगदी शांतपणे म्हणाली होती, "जूनपर्यंत बघते. एक पूर्णवेळ माणूस ठेवता आला तर ठीक, नाहीतर टेबल आवरते."

म्हणून तो अर्ज. तो लतामावशींच्या डायनिंग टेबलवर, चिवड्याच्या बशीशेजारी, उल्हासकाकांच्या तावडीत सापडला होता.

"प्रोजेक्ट कुठंय?" काकांनी विचारलं. "पगार, जेवण, प्रवास, इतर. हा काय अर्ज झाला? याच कामासाठी युनिव्हर्सिटीच्या सेंटरचाही अर्ज आलाय, तो बघ. चार ग्राफ आहेत. आउटकम्स आहेत. एक डायरेक्टर, दोन असोसिएट डायरेक्टर."

"त्यातला एकही ब्लॅक नाहीये, काका," वल्लरी म्हणाली. "आणि त्या ग्राफमधली माणसं व्हर्नेलच्याच टेबलवर बसतात. मी चेक केलंय. सेंटरवाले फक्त त्यांचा फोटो काढतात."

"फोटो काढायलाही स्टाफ लागतो."

"व्हर्नेल काय म्हणते माहितीय? आमच्यासाठी कार्यक्रम करणाऱ्यांना ग्रँट मिळते, आणि त्या कार्यक्रमात भाषण करायला आम्हाला बोलावतात. फुकट."

काकांनी चिवड्यातले दाणे बाजूला काढले. ते नेहमी शेवटी खायचे. "मी नाही म्हणत नाहीये. पण दिवस कसे आहेत बघ. मोठमोठे देणगीदार वेबसाइटवरून 'विविधता', 'समता' असले शब्द पुसत सुटलेत. आपण एवढेसे. निदान कागद तरी पक्के हवेत. तिमाही रिपोर्ट, टार्गेट, किती जणांना बढती मिळाली..."

"उल्हास," लतामावशी म्हणाल्या, "तू सासरा होऊ नकोस."

"आता यात सासरा कुठून आला?"

"ती मुलं आठवडाभर जिथं काम करतात ना, ते सासर. खोलीत आपल्यासारखं दुसरं कुणी नाही. प्रत्येक वाक्य तोलून बोलायचं. एक चूक झाली तर सगळ्या घराण्याचा उद्धार. शनिवारी जिथं येतात ते माहेर. माहेराला कुणी प्रोजेक्ट विचारतं का? मी इथून वर्षावर्षानं आईकडे जायचे. तिनं कधी आउटकम विचारला नाही."

"माझ्या बायकोच्या माहेरी मला दरवेळी विचारतात."

"तू जावई. तुला विचारायलाच हवं."

वल्लरी हसली, पण काका हसले नाहीत. दाणे संपवून ते म्हणाले, "तुमचं माहेर काय ते मला बघू दे. बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

घरी जाऊन वल्लरी मीटिंगचा वृत्तान्त इंग्रजीत लिहायला बसली आणि त्या एका शब्दापाशी अडली. तिला माहेर असं नव्हतंच. लग्न झालं तेव्हापासून आई तिच्याच घरात, खालच्या मजल्यावर राहत होती. माहेरी जायचं म्हणजे तिला फक्त जिना उतरायचा असे, आणि आई वर यायला निघालेली असली तर माहेर वाटेतच भेटे. तेव्हा तिनं सरळ अर्थ लावला. आईचं घर. मदर्स हाउस. व्हर्नेललाही तसंच कळवलं, की विश्वस्तांमध्ये मदर्स हाउसबद्दल पुष्कळ चर्चा झाली आणि मदर्स हाउस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक विश्वस्त सही करायला तयार नाहीत.

एरवी व्हर्नेलचं उत्तर ईमेल वाचून व्हायच्या आत यायचं. या वेळी आलंच नाही. मग एका दुपारी तिचा फोन आला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"माझ्या आईच्या घराबद्दल."

वल्लरी खुर्चीत हळूच मागे टेकली. अर्जात लाँग टेबलचा पत्ता गावातल्या एका लायब्ररीच्या खोलीचा होता. ती खोली भाड्यानं घेतलेली होती खरी, पण तिथं वर्षाकाठी एखादं भाषण व्हायचं. खरं टेबल पहिल्या शनिवारपासून व्हर्नेलच्या आईच्या घरात होतं.

"सुरुवातीला मी खरं तेच लिहायचे," व्हर्नेल म्हणाली. "एका मोठ्या देणगीदारानं कळवलं, स्वयंपाकघर हे करिअर घडवायचं ठिकाण नव्हे. तेव्हापासून लायब्ररी लिहिते. खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. असो. शनिवारी या, जे आहे ते बघा. मग नाही म्हणालात तरी चालेल."

चालणार नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. वल्लरीला तर काकांचा चेहराच दिसायला लागला. पत्ता एक आणि काम दुसरीकडे, एवढ्यावर त्यांनी विमा कंपनीत गावंच्या गावांचे दावे नाकारले होते. व्हर्नेलचं टेबल बुडणार, आणि ते बुडवणार ती, वल्लरी, एका शब्दाचं इंग्रजी करून.

शनिवारी लतामावशी गाडी चालवत होत्या. हायवे लागेपर्यंत वल्लरीनं धीर गोळा केला आणि मागच्या सीटवरून सगळं सांगून टाकलं. माहेराचं भाषांतर, लायब्ररी, सगळं.  काका इतके गप्प झाले की गाडीतली रस्ता सांगणारी बाईसुद्धा दबकून बोलायला लागली.

घर कोलंबसच्या पूर्वेकडे होतं, विटांचं, पुढे लहान पोर्च. दारात व्हर्नेलची आई उभी होती. तिला सगळे मिस अर्लीन म्हणत.

"तुम्हीच का ते एंजल?" तिनं विचारलं.

"हो," लतामावशी म्हणाल्या. "पंख गाडीत ठेवलेत."

"बरं केलंत. आत जागा नाही."

जागा नव्हतीच, कारण सगळी टेबलानं घेतली होती. ते स्वयंपाकघरात सुरू व्हायचं. नवा संशोधक आला की आणखी एखादं टेबल जोडायचं, असं करत करत ते बैठकीची खोली ओलांडून मागच्या पोर्चपर्यंत गेलं होतं. एकाही टेबलाची उंची दुसऱ्याशी जुळत नव्हती. या टोकाला बटाट्याच्या सॅलडचं भांडं सरकवलं तर ते त्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत मधल्या एखाद्याला बढती मिळालेली असे, असं मिस अर्लीन सांगायची, आणि तिच्या तोंडावर कुणी ते खोडून काढत नसे.

काकांना मधोमध बसवलं. त्यांनी पेन काढलं. समोर नाडीन नावाची तरुण संशोधक उभी होती. सोमवारी तिची प्राध्यापकपदाची मुलाखत होती आणि टेबलवरचे सगळे जण त्या मुलाखतीची समिती झाले होते. ते तिला जराही दया दाखवत नव्हते.

"आम्ही या पेशींवर प्रयोग केला," नाडीन सांगत होती. "त्यातून आम्हाला दिसलं..."

"आम्ही कोण?" पिकल्या दाढीचे एक प्राध्यापक म्हणाले.

"म्हणजे आमच्या लॅबनं..."

"आम्ही कोण?" आता दोघं-तिघं म्हणाले.

नाडीन थांबली. "मी."

"मग मी म्हण. तू नाही म्हटलंस तर समिती समजेल, तुझ्या बॉसनं केलं. समजायला त्यांना वेळ लागत नाही."

काकांचं पेन थांबलं. वल्लरीनं पाहिलं, ते कागदाकडे बघत होते आणि कागद कोरा होता. तीस वर्षं त्यांनी प्रत्येक मीटिंगमध्ये 'वी' म्हटलं होतं. लहानपणी घरी शिकवलेलं, मी मी करू नये. आणि दरवेळी बढती मिळाली ती 'आय' म्हणणाऱ्याला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मंडळाच्या गणपतीत त्यांच्या बायकोनं सगळ्यांना सांगितलं होतं.

तेवढ्यात मिस अर्लीननं त्यांच्या ताटात मक्याचा ब्रेड वाढला. "आणि तुम्ही काय करता?"

"आम्ही फाउंडेशनच्या वतीनं..."

"आम्ही कोण?" पोर्चपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळं टेबल एका सुरात म्हणालं.

काकांनी पेनाला टोपण लावलं. "मी," ते म्हणाले. "मी खजिनदार आहे. तुमचा अर्ज मीच अडवून धरलाय."

 मग पिकल्या दाढीचे प्राध्यापक म्हणाले, "हां, आता कसं स्पष्ट झालं," आणि हसू टेबलाच्या टोकापर्यंत जाऊन परत आलं.

व्हर्नेल मात्र हसली नव्हती. ती काकांच्या शेजारी येऊन बसली. "लायब्ररीबद्दल वल्लरीनं सांगितलं असेल."

"सांगितलं. तो पत्ता खरा आहे?"

"खरा आहे. रिकामा आहे."

"आणि हा?"

"हा भरलेला आहे. पण कागदावर चांगला दिसत नाही."

काकांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. मग त्यांनी ब्रेड खाल्ला, आणखी मागितला, आणि नाडीनची मुलाखत पहिल्यापासून पुन्हा ऐकली. आता ती मी म्हणत होती. सुरुवातीला तो शब्द तिच्या तोंडात गरम बटाट्यासारखा होता, शेवटी बसला.

निघताना दारात मिस अर्लीन प्रत्येकाच्या हातात काहीतरी देत होती. नाडीनला पीचच्या गोडाचा डबा आणि तिचा लाल खुणांनी भरलेला मसुदा. काकांना फॉइलमध्ये गुंडाळलेलं एक पुडकं. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. लतामावशींनी वल्लरीला कोपरानं ढोसलं आणि पुटपुटल्या, "बघ, ओटी भरली त्याची."

परतीच्या वाटेवर बराच वेळ पुडक्याचा वास तेवढा येत राहिला. वल्लरी वाट बघत होती. व्हर्नेलला काय आणि कसं सांगायचं याची वाक्यं तिनं मनात जुळवून ठेवली होती.

"वल्लरी," काका शेवटी म्हणाले, "वृत्तान्तात चूक आहे."

"हो काका. सॉरी. मी करेक्ट करते."

"अर्जातून उतरवलेला पत्ता चुकलाय. लायब्ररीचा काढ, हा घाल. लिहून टाक, काम स्वयंपाकघरात चालतं आणि ते आम्हाला..." ते थांबले. "आणि ते मला ठाऊक आहे. उद्या कुणी विचारलं तर उत्तर मी देईन."

"आणि मदर्स हाउस?"

"तेवढंच बरोबर आहे."

"मग सही?"

"करतो. तीन वर्षं. पगारही आणि ते 'इतर'ही. टार्गेट नको. पण रिपोर्ट हवा."

"आला सासरा," लतामावशी म्हणाल्या.

"तिमाही नाही, लताताई. लेखी पण नाही. वर्षातून एका शनिवारी मी येणार, टेबलवर बसणार, जेवणार. तोच रिपोर्ट. माहेरी भाऊ येतो तसा."

"भाऊ माहेरीच असतो, उल्हास. येते ती बहीण."

काका विचारात पडले. बाहेर सिमेंटची कणसं मागे पळत होती.

"मग मी मुराळी," ते म्हणाले. "लेकीला माहेरी न्यायला जातो तो. गाडीभाडं तो भरतो आणि तिकडे जाऊन तुम्ही काय केलंत असं विचारत नाही."

"हं," लतामावशी म्हणाल्या. "हे जमेल तुला."

मागच्या सीटवर वल्लरीनं फोन काढून टिपून घ्यायला सुरुवात केली होती. "मुराळी," ती म्हणाली. "याला काय लिहू?"

पुढच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"हे मात्र," उल्हासकाका म्हणाले, "इंग्रजीत लिहू नकोस."