खुणेविना आलेले रोट

मोरोक्कोतल्या मेक्नेसच्या जुन्या शहरात आमच्या गल्लीची भट्टी मी चाळीस वर्षं सांभाळतोय. बायका घरी रोट थापतात, फळीवर ठेवून फडक्याखाली झाकून आणतात, मी भाजतो. प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणी काट्याने टोचतं, कुणी वाटीची कड दाबतं. झुहूरच्या घरची खूण म्हणजे मधोमध बोटांचे तीन खळगे.

खरं तर मला खुणा लागत नाहीत. हात लावला की घर कळतं. रागात मळलेली कणीक ताठ असते, रडत मळलेली सैल. पण बोलणार कुणाला? म्हणतील, हम्मादीच्या डोक्यात धूर गेला. मीही स्वतःला तेच सांगत आलो आणि त्यातच माझं वाटोळं झालं.

एकतीस वर्षांपूर्वी एका सकाळी झुहूरचे रोट खुणेविना आले. कणीक सैल. वाटलं, उठावं आणि तिच्या दारात जाऊन उभं राहावं. पण आमच्यात होतं तरी काय? फळी देता-घेता चार शब्द, आणि तिचं ते बघणं. मी मनाला दटावलं, पोरगी विसरली असेल, तुझं आपलं काहीतरीच! रोट दुसऱ्या घरी जाऊ नयेत म्हणून माझ्याच बोटांनी तीन-तीन खळगे दाबले आणि भाजले. दुपारी ती आली, रोटांकडे बघितलं आणि फळी उचलून निघून गेली. महिन्याभरात लग्न होऊन बेल्जियमला गेली.

मी लग्न केलं नाही. भट्टीमुळे वेळ मिळाला नाही असं सांगतो. खोटं आहे ते. रोज फळ्या उतरवताना मी ते खळगे शोधायचो. तिची आई खूण तीच करायची, पण बोटं तिची नव्हती.

या वसंतात तिची आई वारली आणि झुहूर आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आईचा चाळिसावा दिवस झाला की परत जाणार, असं गल्लीत बोलत होते. रोज तिच्या हातचे रोट येत.

"सलाम, मुअल्लिम."

"सलाम, लल्ला झुहूर."

ती मला 'उस्ताद' म्हणणार, मी तिला 'बाई'; चाळीस दिवसांत माझी गाडी याच्यापुढे सरकली नाही.

एकेचाळिसाव्या सकाळी फडकं उचललं तर रोट कोरे. कणीक सैल. सवयीने माझी तीन बोटं पुढे गेली आणि तिथेच थांबली. मी फळी उचलली.

"अहो मुअल्लिम, चाललात कुठे?" शेजारची लल्ला बतूल ओरडली. "माझे रोट आत आहेत!"

"तूच काढ."

"जळले तर?"

"एक दिवस जळके खा!"

"पांढरी दाढी घेऊन पळतायत बघा!"

झुहूरचं दार उघडं होतं. अंगणात सूटकेस बांधून ठेवलेली.

"भाजले नाहीस?" तिने विचारलं.

"खूण नाही."

"तेव्हा तर स्वतःच केली होतीस."

"वाटलं, विसरलीस."

"तुझे वडील कणकेवरून माणूस ओळखायचे. म्हटलं, तूही ओळखशील. येशील, विचारशील. त्या संध्याकाळी घरात मला लग्नाला हो की नाही विचारणार होते. ते खळगे बघितले आणि समजले, तुझं काही म्हणणं नाही. मग मी हो म्हणाले."

"मला कळलं होतं गं," मी म्हणालो. "हात लावला तेव्हाच कळलं होतं. माझाच माझ्यावर विश्वास नव्हता." मला रडू आवरेना.

तिने सूटकेसकडे बघितलं. मग म्हणाली, "बाराची गाडी आहे."

"जाऊ नकोस."

एकतीस वर्षांपूर्वी एवढंच म्हणायचं होतं.

तिने हात धुतले. एकेका रोटावर तीन बोटं दाबली. बोटं आता वाकडी झालीत, खळगे तिरके उमटले.

"भाजून आण," ती म्हणाली. "आणि हे जाळू नकोस. दुपारी जेवायला दोघं आहोत."