खोबरेल माखलेली जाळी

मित्रांनो, गेम खेळायच्या कॉम्प्युटरची मी एक जुनी पेटी. दुकानात मला मिड-टॉवर कॅबिनेट म्हणतात. पडद्यावर गाड्या पळाल्या की तुम्ही टाळ्या पिटता, पण ज्या पेटीच्या पोटात ते सगळं धडधडतं तिच्याकडे कोण बघतं? असो. मिरवायला आले नाही मी. भीती वाटते, म्हणून बोलते.

पत्रा वाकवून, ठोकून, काळा रंग देऊन मला घडवलं. माणगावच्या दुकानात माझ्या शेजारी एक पेटी होती. पुढून सगळी काच, आत रंगीत दिवे. नुसता नट्टापट्टा, हवा शिरायला फट नाही. काशीदची इरा तिला भुलली नाही. तिने माझा पत्रा दाबून पाहिला, पुढच्या जाळीला तोंड लावून फुंकर मारली. फुंकर आरपार गेली, तेव्हाच मला उचललं. पेटी अशी पारखतात.

इराचं घर समुद्राजवळ, पोफळीच्या वाडीत. ती घरबसल्या गेमच्या स्पर्धा खेळायची, जिंकली की माझ्या पाठीवर थाप मारायची. पण खाऱ्या वाऱ्याने मला कधी निवांत बसू दिलं नाही. याच खोलीतल्या टेबलफॅनची जाळी गंजून गळाली, ती माझ्या डोळ्यांदेखत. पुढे माझ्याही पाठीच्या कोपऱ्यात तांबूस डाग उठला. वाटलं, आता माझी पाळी.

डाग इराच्या आईने, कुमुदबाईंनी पाहिला. त्यांच्याकडे दसऱ्याला कोयते, विळ्या, पहारी धुऊन खोबरेल चोळतात, मग पूजा. त्या वर्षी त्यांनी मलाही पाटावर बसवलं. "लोखंडच ना हे? मग तेल नको?" पाठीला तेल लागलं, बरं वाटलं. मग त्यांनी पुढची जाळीही चांगली माखली. मी ओरडणार कशी?

त्या तेलावर किनाऱ्यावरच्या पुळणीची बारीक वाळू बसली, धूळ बसली, मांजराचे केस बसले. पंखे गरगरत, पण हवा आत येईना. पोटात आगडोंब. ऐन खेळात कॉम्प्युटर बंद पडू लागला, आणि इराचा अंतिम सामना तोंडावर आलेला.

"आई, ही पेटी कामातून गेली. भंगारात देऊ," इरा म्हणाली. 

सामन्याच्या सकाळी कुमुदबाईंचा भाचा प्रज्योत मला तपासायला आला. कॉम्प्युटर जोडणं हे त्याचं काम. त्याने डागावर स्क्रूड्रायव्हर टोचला. आरपार गेला असता तर मी संपले असते. गेला नाही. मग त्याने जड गेम लावली, आतली उष्णता भराभर चढली. त्याने जाळी काढली, तशी ती उतरली. त्याने जाळीवर बोट फिरवलं, वास घेतला.

"मावशी, हिला डोक्याचं तेल लावलंस?"

"मग काय तुझ्या टकलाला लावू? गंजत व्हती ती."

"पाठीला लाव की. हे नाक हाय तिचं."

"नाक हाय तर आधी सांगायचं. मला काय शिंक ऐकू आली?"

इरा हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. प्रज्योत म्हणाला, "जाळी धुऊन बघू. तरी बंद पडली तर मात्र हिला काढायची."

कुमुदबाईंनी साबणाने, जुन्या टूथब्रशने जाळी घासली आणि फाटकाजवळ उन्हात ठेवली. मी आत खिडकीशी, उघड्या तोंडाने बसून. तेवढ्यात भंगारवाल्याची हाळी आली आणि त्याने जाळी उचललीसुद्धा. ती गेली तर माझं तोंड कायमचं उघडं, वाळू थेट पोटात.

"ठेव खाली," कुमुदबाई कडाडल्या. "भंगार वाटलं तुला? पोरीचा खेळ अडलाय तिच्यावर."

संध्याकाळी सुकलेली जाळी परत बसवली आणि सामना सुरू झाला. प्रत्येक फेरीला वाटे, आता बंद पडणार. कुमुदबाई शेजारी बसून माझ्या अंगावर हात ठेवून ताप बघत होत्या, लेकराचा बघतात तसा. सामना शेवटपर्यंत चालला. इरा हरली, पण खेळून हरली. माझ्यामुळे नाही.

मित्रांनो, वारा अजून खाराच आहे आणि पाठीचा डाग पुसला गेलेला नाही. माझी भीती काही सरत नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी मुकी असेल. तिला जपा, पण जपायला हात घालण्याआधी एवढं बघा, ती श्वास कुठून घेते.